दोन्ही खराब

तुम्ही जहूर मुकादमला बियर पाजलीत, आणि बियर प्याला म्हणून त्याला हाकललंत. दोन्ही कामं तुमचीच. मध्ये एक रात्र गेली, तेवढाच काय तो फरक.

हे मराठीत लिहितोय, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. तुमच्या ऑफिसात वाचता येणारं माणूस आहे. तिला सांगा, मोठ्यानं वाच. बाकीच्यांना एवढं पुरे की दोह्यातल्या एका थोरल्या हॉटेलचे तुम्ही सगळ्यात वरचे साहेब. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, हां, तो एक माणूस हलकट होता, आणि पान उलटतात.

मी नंदू. नाशिककडचा, ओझरचा. बारावीला शाळेनं मला सोडलं. पुण्यात मुंढव्याला एका हॉटेलात बियर बनवायचे, तिथं टाक्या धुतल्या, मग तिथंच बारवर उभा राहिलो, मग कतार. तुमच्या बारचा मी सुपरवायझर. लिहायला मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुठं आवाज खाली घ्यायचा तेही शिकवलेलं नाही.

जहूरभाई राजापूरकडचा. व्हिसावर ‘स्टोअर हेल्पर’ लिहिलं होतं. स्टोअर कशाचं, ते व्हिसावर नव्हतं. उतरल्यावर कळलं की तळमजल्याखाली थंड खोली आहे, तिच्यात बियरची स्टीलची पिंपं आहेत, ती हलवायची, वर बारच्या नळांपर्यंत जाणारे पाइप दर आठवड्याला औषध सोडून धुवायचे. त्या दिवशी त्यानं घरी फोन लावला. बायकोला, हजरा वहिनीला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “हात लागला तर धुता येतो. ओठ लागता कामा नये.” झालं. त्यावर तो इतकी वर्षं उभा होता. बारमधल्या फिलिपिनो पोरींपासून नेपाळी गार्डापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, जहूरभाई पिंप उचलतो, थेंब चाटत नाही.

मला मात्र सोडायचा नाही. मी नव्या पिंपाची चव बघायला घोट घेतला की म्हणायचा, “काय मेल्या, कसा हाय?”

“कडू आहे. मस्त.”

“आमची आय आमाला किराईत पाजायची. तोपण कडू. फुकट मिलायचा, वर जंत पडायचे. तुमी लोक पैशे देऊन कडू पिता, आनि पडता तुमी.”

त्याचं ठरलं होतं. वर्ल्ड कप संपेपर्यंत इथं, मग दोह्याबाहेर मेसईदला. तिथल्या एका खताच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्टोअरचं काम मिळालं होतं. तांदूळ, डाळ, तेल. “बस, नंदू, नव्या वर्षापासून मी पिठात हात घालनार,” म्हणायचा. मेसईदवाल्यांची एकच अट: जुन्या नोकरीतून स्वच्छ सुटून ये.

तुम्हाला हे ठाऊक नव्हतं म्हणू नका. त्याचा अर्ज तुमच्या सहीनं पुढं गेला होता.

आता बियरचं सांगतो, कारण त्याशिवाय तुमची लबाडी लोकांना कळायची नाही.

अमेरिकेतून प्रेक्षक आणणाऱ्या एका कंपनीला तुम्ही गच्ची आणि तिच्याशेजारचा हॉल अख्ख्या स्पर्धेपुरता दिलात. त्यांची अट होती की नळावर अमेरिकन चवीची बियर पाहिजे. त्यासाठी त्यांनी एक माणूस पाठवला, डेनिस. विस्कॉन्सिनचा, लालबुंद, पोट मोठं, हसणं त्याहून मोठं. उन्हाळ्यात आला आणि आल्या आल्या आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून शाळा घेतली. जहूरभाई मागं भिंतीला टेकून उभा.

“माझा आजोबा आयुष्यभर एकच बियर प्याला,” डेनिस म्हणाला. “फिकट, पाण्यासारखी, दात ठणकतील इतकी गार. गार का? कारण थोडी कोमट झाली की कळतं, हिच्यात काहीच नाही.”

“तो फिर पीते क्यूं थे?” जहूरभाईनं मागून विचारलं. मी इंग्रजी करून सांगितलं.

“गवत कापून झालं की तहान लागते, म्हणून!” डेनिस खुश झाला. मग त्यानं सांगितलं की त्यांच्याकडे पूर्वी गल्लोगल्ली बियरचे छोटे कारखाने होते, जर्मनांचे, झेकांचे, आयरिशांचे, प्रत्येकाची चव निराळी. मग देशभर दारूबंदी आली, छोटे सगळे मेले. बंदी उठल्यावर उरले मोठे. त्यांनी अख्ख्या देशाला एकच फिकट चव शिकवली आणि दोन पिढ्यांना वाटलं, बियर म्हणजे हीच. मग घराच्या मागं, गॅरेजात, हट्टी लोकांनी पातेली चढवली. आमच्या चवीची आम्हीच करू म्हणाले. तिथून सगळं पुन्हा सुरू झालं.

मी म्हटलं, “आमच्या महाराष्ट्रात कायद्यानं अजून पिणाऱ्याला परवाना लागतो. तब्येतीसाठी घेतो असं म्हणून काढायचा.”

त्याला ते इतकं आवडलं की दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होता.

चार नळ ठरले. पहिल्यावर आजोबाची फिकट लागर. दुसऱ्यावर काळी स्टाउट, सातू जवळजवळ जाळून केलेली, करपलेल्या गुळाचा आणि कॉफीचा वास. तिसऱ्यावर आंबट. ती सगळ्यांना थोडी थोडी दिली, जहूरभाईनं नुसतं ऐकलं आणि म्हणाला, “हा तर आमचा कोकम. ह्याच्यासाटी अमेरिकेपर्यंत कशाला जायचा?” आणि चौथ्यावर डेनिसची लाडकी, आयपीए. गढूळ, आंब्याच्या रसासारखा रंग, नाकाजवळ नेली की पपनसाची साल नखानं ओरबाडल्यासारखा वास, आणि मग जिभेच्या मुळाशी कडू. हॉप्स नावाची वेलीची फुलं असतात, त्यांचा हा सगळा कारभार.

“नावात तुमचाच देश आहे,” डेनिस म्हणाला. “इंडिया पेल एल. इंग्रज लोक हिंदुस्थानात पाठवायचे. जहाजात महिनोन्‌महिने टिकावी म्हणून फुलं जास्त घालायचे, अशी गोष्ट सांगतात.”

“म्हणजे ही उन्हात टिकते?” मी विचारलं.

त्यानं दोन्ही हात वर केले. “नाही! ती जुनी. ही नवी पोर वासासाठी केलेली आहे, टिकण्यासाठी नाही. हिला दुधासारखी जपा. ऊब लागली की फुलांचा वास जातो, भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. लागरचं काय, तिला गॅरेजात विसरा. तिच्यात मरण्यासारखं काही नसतंच.”

आणि एक शिकवलं. वाइनची चव बघणारे थुंकतात, बियरची बघणाऱ्यानं गिळायची. कडूपणा घशाच्या मागच्या बाजूला कळतो. साहेब, तुम्ही त्या दिवशी दारात फोनवर बोलत उभे होता. बाकी सगळं तुमच्या डोक्यावरून गेलं, एवढंच नेमकं ऐकलंत.

ऑक्टोबरात मालक लोक येणार होते. लॉबीत नवी झुंबरं, नवे एसी, फोटोवाले, भिंतीभर फुटबॉलचे पडदे. सगळं एकदम चालू केलं की वीज धाड्‌कन जायची. तुम्ही मेंटेनन्सच्या गुरुप्रसादला बोलावून सांगितलंत, खालचं काहीतरी बंद कर. गुरुप्रसाद बेळगावचा, मराठी आमच्यापेक्षा गोड बोलतो. त्यानं थंड खोलीचं मशीन बंद केलं.

जहूरभाई पहिल्याच दिवशी त्याच्याकडे गेला. “गुरुअण्णा, खोली तापलीय. आत उबला येतंय.”

“वरनं ऑर्डर हाय बा. मी काय करू? झुंबर विझवू?”

“झुंबर बियर पितंय काय?”

“तू जा की वर सांगायला.”

तो वर गेला नाही, मला पाठवलं. लिफ्टपाशी तुम्ही भेटलात. मी म्हटलं, सर, थंड खोलीचं मशीन बंद आहे, चौथ्या नळाचा माल मरेल. तुम्ही टाय सरळ करत म्हणालात, “इट इज बियर, नॉट मिल्क.” तुम्हाला आठवत नसेल. मला तुमच्या टायचा रंगसुद्धा आठवतो. मालक येऊन फोटो काढून गेले, तोवर ते मशीन बंदच होतं.

त्यानंतर अमेरिकन कंपनीची माणसं नळ बघायला आली. हॉल सजवला होता. लागर भरली, सगळे प्याले, छान म्हणाले. स्टाउट ठीक. आंबटवर कुणी तोंड वाकडं केलं, ते आंबटपणामुळे. मग आयपीए. डेनिसनं ग्लास नाकाशी नेला आणि त्याचं हसणं गळून पडलं. एक घोट घेतला. म्हणाला, “हिला कुणीतरी शिजवलंय.”

पाहुण्यांनी ग्लास खाली ठेवले. एक बाई रुमालानं जीभ पुसत होती.

आणि तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात, “पाइप धुतले नसतील. मी बघतो त्या माणसाकडे.”

डेनिसला खरं माहीत होतं. त्याच्या तोंडून नुकतंच निघालं होतं. त्यानं तुमच्याकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे, आणि म्हणाला, “बरीच कारणं असू शकतात.” मी त्याला नंतर कॉरिडॉरमध्ये गाठलं. म्हटलं, डेनिस, एक ओळ लिहून दे. तो म्हणाला, “नँडू, तुमच्या घरातलं भांडण आहे. मी पाहुणा.” जो माणूस मोठ्या कारखान्यांनी चव मारली म्हणून सगळ्यांसमोर डोळे ओले करतो, त्याला एक ओळ जड झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चौकशी लावलीत. त्याच हॉलमध्ये. तुम्ही, एचआरच्या नमिता मॅडम, गुरुप्रसाद, मी, आणि खुर्ची असूनही उभा असलेला जहूरभाई. नमिता मॅडम पुण्याच्या, कोथरूडच्या. ऑफिसात इंग्रजी, लिफ्टमध्ये कुणी नसेल तर मराठी.

खोटं बोलत नाही, मॅडमनी सुरुवात चांगली केली. त्या म्हणाल्या, “सर, लेट्स बी फेअर. पाइप बदलून बघू. चौथ्या नळाचं पिंप पहिल्या नळाच्या पाइपला लावायचं, पहिल्याचं चौथ्याला. पाइप घाण असेल तर लागर बिघडलेली लागेल. माल खराब असेल तर आयपीए चांगल्या पाइपातूनही खराबच लागेल.”

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. याहून सरळ काय असणार? मी आणि गुरुप्रसादनं खाली जाऊन पिंपं अदलाबदल केली. वर येऊन दोन ग्लास भरले. टेबलावर ठेवले. एक सोनेरी, एक गढूळ.

आता चव कुणी बघायची?

मी हात पुढं केला. तुम्ही म्हणालात, “नॉट यू. तू त्याचा गाववाला.” ओझर आणि राजापूरमध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे, पण तुमच्या हिशेबी आम्ही एका गावचे.

तुम्ही स्वतः? तुम्हाला लगेच मालकांकडे जायचं होतं. तोंडाला वास नको.

नमिता मॅडम म्हणाल्या, “सॉरी सर, आज माझी संकष्टी आहे. उपास.” तुम्ही मान डोलावलीत. “ऑफ कोर्स, ऑफ कोर्स.”

गुरुप्रसाद म्हणाला, दाढ काढलीय, अँटिबायोटिक चालू आहे. तुम्ही त्याच्या दाढेची चौकशीसुद्धा केलीत.

उपास चालला. दाढ चालली. तुमची मीटिंग चालली. मग तुम्ही जहूरभाईकडे वळलात आणि म्हणालात, “हा बघेल. पाइप याचे आहेत.”

तो हिंदीत म्हणाला, तेवढं तुम्हाला कळतं, “साहब, मैं नहीं पीता.”

“पिऊ नको. टेस्ट कर.”

“साहब, मैंने कभी नहीं किया.”

मी मध्ये बोललो. म्हटलं, सर, तो मुसलमान आहे, आणि त्यानं जन्मात बियर चाखलेली नाही, त्याला काय कळणार चांगली कुठली नि बिघडलेली कुठली? तुम्ही मला म्हणालात, आणखी एक शब्द बोललास तर बाहेर. मग त्याच्याकडे बघून, अगदी मऊ आवाजात: “तुझ्यावर कुणी जबरदस्ती करत नाही, जहूर. पण मग आज तुझ्या बाजूनं माझ्याकडे काही राहणार नाही.”

हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकतो.

जहूरभाईनं माझ्याकडे बघितलं. मराठीत विचारलं, “नंदू, थुकलो तर चालेल काय रे?” मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसलात. “नो, नो. वाइन थुंकतात. बियर गिळायची असते. डेनिसनं सांगितलं ना?”

त्यानं पहिला ग्लास उचलला. लागर, चौथ्या पाइपातून आलेली. अगदी लहान घोट. गिळताना त्याचा गळा वर गेला आणि तिथंच थांबला, मग खाली आला. डोळ्यांत पाणी. ग्लास ठेवला. दुसरा उचलला, आयपीए. पुन्हा तसंच, फक्त या वेळी त्यानं टेबलाची कड धरली. बाहीनं तोंड पुसलं. मी मनात म्हणत होतो, सांग, पहिली बरी आहे म्हण, बाबा, एवढंच म्हण, पहिली बरी.

“हां, बोल,” तुम्ही म्हणालात.

तो खरं बोलणारा माणूस. त्याला सांगितलं होतं, चव बघ आणि जे वाटेल ते सांग. त्यानं जे वाटलं ते सांगितलं.

“दोनों खराब है, साहब.”

अरे, त्याला दोन्ही खराबच लागणार! आयुष्यातला पहिला घोट कुणाला बरा लागलाय? मला लागला होता? तुम्हाला? पहिला घोट घेऊन कुणी ‘वाहवा’ म्हटलं असेल तर तो लबाड. कडूची गोडी लागायला वर्ष जातं, आधी फिकट, मग जरा कडू, मग आणखी कडू. डेनिसच्या अख्ख्या देशाला ती लागायला दोन पिढ्या गेल्या. आणि तुम्ही एका निर्व्यसनी माणसाला दोन घोटांत पारखी बनवून त्याच्याच तोंडून त्याचा गुन्हा वदवून घेतलात.

“देअर,” तुम्ही म्हणालात. “लागरही खराब. म्हणजे पाइप.”

मी ओरडलो. म्हटलं, बंद बाटली फोडा, ताजी, फ्रीजमधली, कुठलीही, त्याला द्या, तीही तो खराबच म्हणेल! नमिता मॅडमनी लॅपटॉपवरून मान वर केली. त्यांना पटलं होतं. चेहऱ्यावर दिसलं मला. त्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही घड्याळाकडे. “खलास,” म्हणालात आणि गेलात.

दोन्ही ग्लास जवळजवळ भरलेले तिथंच राहिले. मग मी लागर प्यालो, सगळी. स्वच्छ होती. दात ठणकतील इतकी गार, आणि आत काही नाही. पाइपात काही दोष असता तर या बियरमध्ये लपायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला पत्र. दोन कारणं. एक, कामात हलगर्जी. दोन, कामाच्या वेळेत मद्यप्राशन.

मी मॅडमना लिफ्टमध्ये गाठलं. आम्ही दोघंच होतो.

“मॅडम, दुसरं कारण कुठून आलं?”

“अहो, रिपोर्टमध्ये चव कुणी बघितली ते लिहावंच लागतं. मी जे घडलं तेच लिहिलं. पुढं सिस्टिमचा रूल आहे, स्टाफनं ड्यूटीवर घेतली तर टर्मिनेशन. मी नाही केलं ते.”

“घेतली की पाजली?”

“नंदू, प्लीज. मलाही नोकरी आहे.”

“संकष्टी सोडली का मग त्या दिवशी, चंद्र बघून?”

त्या रडल्या. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. उपास करणाऱ्या बाईला दुसऱ्याचा उपास दिसत नसेल, तर तो उपास देवाला दिसत असेल का, ते तिनं देवाला विचारावं.

गुरुप्रसादला मी विचारलं, मशीन बंद होतं हे तू लिहून देशील का? तो म्हणाला, “देतो की. पण ऑर्डर तोंडी होती. उद्या म्हणतील, तूच बंद केलास. माझी पोरगी हितनं, अल नस्रच्या घरातनं, रोज शाळंला जाते बा. मला हितं राहायचंय.” निदान त्यानं रूल सांगितला नाही. भीती सांगितली.

जहूरभाईनं भांडण केलं नाही. तक्रार करू म्हटलं, कामगारांसाठी ऑफिस आहे, मी येतो बरोबर. तो म्हणाला, “काय सांगू तितं जाऊन? पियालास काय म्हनून इचारलान तर हां बोलायला लागंल. पियालो ना मी.” मेसईदहून फोन आला. त्यांना कळलं होतं. तिथल्या माणसानं फार आदबीनं सांगितलं की कॅन्टीनमध्ये कामगार जेवतात, नमाजी लोक आहेत, पिणारा माणूस ठेवता येणार नाही. पिणारा माणूस! हे ऐकताना जहूरभाई बिछान्यावर बसून मोजे घडी करत होता. एकात एक घालून. फोन ठेवला आणि मला म्हणाला, “बरोबर बोलतंय तो.”

तो गावी परत गेला. आणि मग तुमचा वर्ल्ड कप आला.

पुढचं मुद्दाम लिहितो. डेनिसनं चौथ्या नळावरची आयपीए काढून टाकली. नवा माल वेळेत येईना. चारही नळांवर आजोबाची फिकट लागर लावली. म्हणाला, “गर्दीत कुणाला कळतंय?” आणि खरंच कळलं नाही. सामने सुरू व्हायला दोनच दिवस राहिले असताना जाहीर झालं की स्टेडियमपाशी बियर मिळणार नाही. तेव्हा आपली गच्ची फुटायला आली. अमेरिकन पोरं झेंडे रंगवून यायची, ग्लासवर ग्लास ढोसायची. अख्ख्या महिन्यात एकच जण भेटला, चष्मेवाला, त्यानं विचारलं, कडू काही आहे का? मी म्हटलं, होतं. तो म्हणाला, मग हीच दे. ज्या चवीसाठी तुम्ही माणूस बळी दिलात, ती चव कुणी मागितलीसुद्धा नाही.

मी तेव्हाच हे लिहिणार होतो. शिव्या घालून मन मोकळं करणार होतो, बस. पण गेल्या आठवड्यात हजरा वहिनीचा फोन आला. आम्ही आधी कधी बोललो नव्हतो.

“नंदूभाऊ, मी हजरा. रडायला फोन नाय केला मी. मना एक इचारायचा हाय.”

“बोला वहिनी.”

“तो पियाला काय?”

“दोन घोट. चव बघायला लावली.”

“ता मना त्यानं सांगितलान. पहिल्याच दिवशी सांगितलान, बॅग उघडायच्या आधी. मी काय बोलली नाय. पन तो आता नमाजाला पुढच्या सफीत, पुढच्या रांगेत, उभा राहत नाय. मशिदीत जातो, चपलांपाशी उभा राहतो. सुहानाला, पोरीला, कुराण शिकवायचा, ता बंद केलान. माजा तोंड नाय म्हनतो.”

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

“मी मौलवीसायबांकडं गेली. त्येनी सांगितला, जबरदस्तीनं पाजली असंल तर त्येच्यावर काय नाय. जर नोकरीच्या लालचीनं स्वता पियाला असंल तर तौबा करावी, अल्ला माफ करनारा हाय. दोन्हीत वाट हाय म्हनाले. पन कुठला ता ठरवायला पायजे. मी घरी येऊन इचारला, जबरदस्ती होती काय? तो म्हनतो, मना कलत नाय. सायेब म्हनालेले, जबरदस्ती नाय.”

“वहिनी, जबरदस्तीच होती. मी होतो तिथं.”

“तुमी त्येचे दोस्त. तुमी तेच बोलनार. त्येला तुमचा पटत नाय. म्हनतो, मी नाय म्हनलो असतो तर कदाचित सायबानं ठेवला असता, मीच घाबरलो. रोज ह्याच. जेवताना ह्याच, आता बोटीवर कामाला जातो तितं ह्याच. आता तुमी सांगा, तो नाय म्हनला असता तर ऱ्हायला असता काय नोकरीत?”

मी खूप विचार केला, साहेब. मला हो म्हणता आलं नाही, नाहीही म्हणता आलं नाही. तुमच्या मनात तेव्हा काय होतं ते मला कसं ठाऊक असणार? पत्र आधीच टाइप झालं होतं का? की खरंच, त्यानं ग्लास बाजूला सारला असता, तर तुम्हाला थोडी लाज वाटली असती? एका माणसाचं अख्खं उरलेलं आयुष्य तुमच्या त्या क्षणात अडकलंय, आणि त्याची किल्ली जगात फक्त तुमच्याकडे आहे.

मी वहिनींना म्हटलं, मला माहीत नाही, ज्याला माहीत आहे त्याला विचारून सांगतो.

म्हणून हे. मी अजून तुमच्याच बारवर उभा आहे, काढायचं तर काढा. पैसे परत नकोत, नोकरी परत नको, माफी तर तुम्हाला मागताही येणार नाही. त्यानं नाही म्हटलं असतं, तर तुम्ही त्याला ठेवलं असतंत का?

हो की नाही. एवढंच सांगा.